ओन्नीच्या नावाने

उणे एकतीस होतं त्या रात्री काजानीत,
आणि बॉयलरघरात सिर्कू एकटी.
तीन नंबरचा पंप गप्प झालेला.
त्याला उठवणारी स्क्रिप्ट एकच,
तीही चालते फक्त 'पंप' नावाच्या युजरकडून.
हा युजर म्हणजे कोणी माणूस नव्हे.
त्याला चेहरा नाही, जेवणाची सुट्टी नाही,
नुसते हक्क आहेत.

पडद्याने विचारलं, पासवर्ड?
सिर्कूने हातमोजा दातांनी ओढला, टाइप केलं.
तिथे अक्षरं उमटत नाहीत, ठिपकेसुद्धा नाहीत,
अंधारात सुई ओवल्यासारखं.
चुकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदाही.
चूक तिची नव्हती. मुदत सोमवारीच संपली होती
आणि ती मुदत मी ठरवलेली.

मला फोन आला तेव्हा पावणेचार.
तोवर नदीपलीकडच्या वृद्धाश्रमातले पाइप
हाताला कोमट लागू लागले होते.

सकाळी मी एक ओळ लिहिली:
सिर्कू, या मशीनवर,
पंपच्या नावाने, ही एवढीच स्क्रिप्ट,
पूर्ण पत्त्यासकट,
न विचारता.
एक चिन्ह इकडचं तिकडे झालं असतं तर
सगळ्यांचीच दारं बंद, माझंही.
मग स्क्रिप्टची मालकी रूटकडे दिली.
सिर्कूने चालवावी, वाचावी, बदलू नये;
चालवणाऱ्यालाच लिहिता आलं
की कुंपण शेत खातं.

'विश्वास नाही का माझ्यावर?'
कॉफी ओतताना तिने विचारलं.
आहे ना, म्हटलं. एवढा.
आणि चिमूट दाखवली.
ती हसली नाही.

आमच्या गावी दाराला कुलूप नसायचं.
आई सरोवरावर जाळी काढायला गेली की
खराटा दाराला टेकवून ठेवायची:
घरात कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.
लोक खराटा बघून परत जायचे.
पोस्टमन तो बाजूला करून टेबलावर पत्र ठेवायचा,
जाताना खराटा होता तसा.
त्या बाईचा मुलगा तीस वर्षं कुलपं लिहितोय.

आई आता त्याच वृद्धाश्रमात, खोली अकरा.
पहिल्या हिवाळ्यात विचारायची, कोण तू?
इल्पो.
ती मान हलवायची, नाही.
तुझा मुलगा.
नाही.
तिसरं उत्तर माझ्याकडे नसायचं.

यंदा तिचं विचारणं थांबलं.
मी दारात दिसलो की म्हणते, ओन्नी, आलास?
ओन्नी तिचा भाऊ. लाकडं वाहून नेताना
सतराव्या वर्षी नदीत गेला.
मी त्याला एकाच फोटोत पाहिलंय,
त्यातही तो पाठमोरा.

ओन्नीला फार परवानग्या नाहीत.
केस विंचरायचे ते नर्सनेच.
पैशांचं ती त्याच्याशी बोलत नाही.
मी एकदा इल्पोबद्दल विचारलं
तर भिंतीकडे वळली, जेवली नाही.
ओन्नीने फक्त लोकरीचे मोजे चढवायचे,
आधी डावा,
टाचेवर टाच बरोबर बसवून,
आणि सांगायचं की नाव नीट बांधून ठेवलीय.
बांधलीय, मी म्हणतो.
मग ती डोळे मिटते.

सिर्कूच्या नोंदी मी महिनाअखेर वाचतो.
लॉग दोन्ही नावं लिहितो,
काम कोणी केलं आणि कोणाच्या नावाने केलं.
त्याला फसवता येत नाही, आणि त्याला कशाचं वाईटही वाटत नाही.

इथे दाराशी पाहुण्यांची वही असते.
वेळ, चार दहा. कोणाला भेटलात, हेल्वी.
नातं, या रकान्यात
पेन तसंच उभं राहतं,
कर्सर लुकलुकत थांबावा तसं.
मागे लोक खोळंबलेत, बूट आपटतायत.

रेडिएटरला हात लावून बघतो.
गरम आहे.
तीन नंबर चालू आहे.